भाजीचा तुकडा कोणाचा?

मागच्या भाषणानंतर मुखेडकडच्या एका बचत गटाचा निरोप आला. त्यांच्या गावात एक जण वीस गुंठे जमीन ठोक्यानं द्यायला तयार आहे. गटातल्या बायांना तिथं भाजीपाला लावायचा आहे. घ्यावी की नको, असं त्यांनी विचारलंय. आणि खाली एक ओळ लिहिली आहे : "ताई, तुम्ही नेहमी इतिहास सांगता, तर बायांच्या भाजीचाही काही इतिहास असला तर सांगा."

इतिहास आहे. पण तो सातबाऱ्यावर सापडत नाही. बारा नंबरच्या उताऱ्यात पीक म्हणून सोयाबीन लिहितात, तूर लिहितात, ऊस लिहितात. बांधावर चढवलेला वाल कुणी लिहीत नाही. न्हाणीच्या पाण्यावर आलेलं अळू लिहीत नाहीत. आता मोबाईलवरून ई-पीक पाहणी होते, तरी तिथं परसातल्या दोडक्याचा फोटो कोण काढतो? म्हणून हा इतिहास मी आज जमेल तसा जुळवून सांगणार आहे. काही पुस्तकातला, काही कायद्यातला, आणि थोडा आमच्या गटाच्या फजितीचा.

सुरुवात परसापासून करू. आपल्याकडं जुन्या घराच्या मागं परस असायचाच. एका कोपऱ्यात उकिरडा, एका कोपऱ्यात न्हाणी. न्हाणीचं पाणी जिथं जायचं तिथं अळू, कर्दळ, एखादं केळीचं खोड. छपरावर भोपळ्याचा वेल, कुंपणाला कारलं नाहीतर दोडका, दारात शेवगा. शेवग्याला कुणी पाणी घालत नाही, तरी तो शेंगा देतो. त्यामुळं सासुरवाशीण आणि शेवगा दोघांची बरोबरी करायची बायांना सवय होती! यातलं वांगं आणि शेवगा हे इथलेच, फार जुने. पण मिरची, टमाटे, आलू हे आपल्या बापजाद्यांचे नव्हेत. पोर्तुगीज लोक पाचशे वर्षांपूर्वी समुद्रातून आले, त्यांच्यासोबत अमेरिका खंडातली ही पिकं आली. बटाटा, कोबी, पपई हे शब्दसुद्धा त्यांच्याच भाषेतून आलेले. आज धर्माबादची लाल मिरची सगळीकडं जाते, पण एके काळी आपल्या आमटीला तिखटपणा मिऱ्याचा आणि पिंपळीचा होता. हे सांगायचं कारण एवढंच, की नवं बी आलं आणि ते टिकलं, ते कुणीतरी परसात लावून, चव बघून, बी राखेत घोळून गाडग्यात ठेवलं म्हणून. ते काम बायांचं होतं.

परसाच्या पलीकडं शेत. तिथं दोन प्रकारची भाजी होती. एक मळ्यातली. विहीर, मोट, बैलजोडी, पाटाचं पाणी, वाफे. हे बागाइती काम, आणि त्यात माळी समाजाचा हात बसलेला. अरणच्या संत सावता माळ्यांचं नाव घरोघरी आहे. पंढरीच्या वाटेवर असूनही त्यांनी मळा सोडला नाही, मळ्यातच पांडुरंग पाहिला. दुसरी भाजी कोरडवाहू शेतातली, आणि तिचं नाव कुणाच्या तोंडी नाही. ज्वारीच्या, कापसाच्या तासांमधून पेरणीच्या मागं मागं चालत बाई ओटीतलं मिसळीचं बी टाकत जायची. अंबाडी, गवार, चवळी, भेंडी, वाळूक, तीळ, कारळ. कुठं त्याला इरवड म्हणायचे, कुठं पाटा. पेरणी पुरुषाची, ओटी बाईची. पावसाळ्यात तांदुळजा, चिघळ, कुर्डू, तरोटा हे न पेरता यायचं. निंदायला गेलेली बाई परत येताना पदरात भाजी घेऊनच यायची. त्या भाजीचा हिशोब कुणी मागत नव्हता. तेवढा एक तुकडा, खरं तर तुकडाही नव्हे, दोन तासांमधली फट, ती बाईची होती.

आणखी एक जागा होती, ती आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायांना आठवत असेल. उन्हाळ्यात मांजरेचं, गोदावरीचं पाणी ओसरलं की पात्रातल्या वाळूत खड्डे घ्यायचे, खाली शेणखत घालायचं आणि टरबूज, खरबूज, काकडीच्या वाड्या करायच्या. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नाही अशी घरंही चार महिने शेतकरी व्हायची. पावसाळा आला की नदी वाडी पुसून टाकायची. पुढच्या वर्षी पुन्हा आखणी. मालकीचं भांडणच नाही, कारण मालक नदी. पुढं नद्यांवर धरणं, बंधारे झाले, वाळूला सोन्याचा भाव आला, आणि जिथं वाळूच उरली नाही तिथं वाडी कशात करणार?

आता कायद्याकडं येते. जरा कान देऊन ऐका, कारण मुखेडच्या बायांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. आपला देगलूर तालुका, सगळा नांदेड जिल्हा, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या. १९५० साली हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. जो कसतो त्या कुळाला संरक्षण मिळालं आणि पुढं पुष्कळांना मालकीही मिळाली. हा कायदा मोठा होता, गरिबाच्या बाजूचा होता, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण त्याच्या दोन गोष्टी बायांच्या वाट्याला वेगळ्या आल्या. एक तर कूळ म्हणून नाव लागलं ते बहुतेक ठिकाणी घरच्या कर्त्या पुरुषाचं. निंदणारी, खुरपणारी, वेचणारी बाई कागदात कुठंच नव्हती. आणि दुसरं, ज्यांच्या जमिनी राहिल्या त्यांच्या मनात कायमची धास्ती बसली, की दुसऱ्याला कसायला दिली तर कूळ लागेल. ती धास्ती सत्तर वर्षांनंतरही गेलेली नाही. म्हणून आपल्याकडं बटई असो की ठोका, सगळं तोंडी चालतं. म्हणून मालक एकाच माणसाला चार-पाच वर्षं सलग जमीन देत नाही. म्हणून तो म्हणतो, "लिहून बिहून काही नको ताई, विश्वासावर घ्या." त्याच्या मनात पाप असतंच असं नाही. त्याच्या बापानं त्याला सांगून ठेवलेलं असतं. कायदा झाला तेव्हा ज्या बाया जन्मल्याही नव्हत्या, त्यांना आज त्याच्यामुळं कागद मिळत नाही.

मग आला १९७२ चा दुष्काळ. त्याच्या आधीची वर्षंही कमी पावसाचीच होती. ७२ च्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. खडी फोडणं, सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. भाजीची गोष्ट कमी ऐकलेली असते. विहिरी आटल्या, मळे बसले, परसातल्या वेलाला टाकायला न्हाणीचं पाणीही राहिलं नाही, कारण न्हाणीच कोरडी. ज्या घरात वाळवलेली गवार, अंबाडीचा पाला, सांडगे, वाळलेली मेथी भरून ठेवलेली होती, त्या घरात काही दिवस कालवण झालं. नाहीतर मीठ आणि मिरची. दुष्काळात माणूस धान्यावाचून मरतो असं आपण म्हणतो. धान्य सरकारनं कसंबसं आणलं. हिरवी भाजी सरकारला आणता येत नाही, ती जिथल्या तिथंच व्हावी लागते.

त्या कामांवर बायांची संख्या मोठी होती. रोजगार हमी त्याच अनुभवातून उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. त्या कामांतून गावोगाव पाझर तलाव झाले. तलावाची माती बायांनी टोपल्यानं वाहिली. पण पाझर लागला तो तलावाखालच्या विहिरींना. आणि त्या विहिरी ज्यांच्या शेतात होत्या, त्यांचा मळा हिरवा झाला. माती वाहणारी बाई त्याच मळ्यात रोजानं खुरपायला गेली, आणि संध्याकाळी येताना तिनं तिथलीच वांगी विकत आणली. मला हे कुणा एका गावाचं सांगायचं नाही. तुमच्या गावचा पाझर तलाव आठवा, आणि खालच्या विहिरी कोणाच्या ते मोजा.

त्यानंतर वीज आली, मोटर आली, बोअर आला. मोट गेली. लातूरकडं ऊस वाढला. संकरित बी आलं. भाजी आता परसातून बाजारात गेली, आणि बाजारात गेली की ती पुरुषाची झाली. कारण आडत्याकडं पट्टी पुरुषाच्या नावानं फाटते. १९९० नंतर आपल्या लातूर-नांदेडकडं सोयाबीननं पाय पसरले. शंभर-सव्वाशे दिवसांत पैसा, कोण नाही म्हणेल? पण सोयाबीनच्या तासात इरवड बसत नाही. त्यात तणनाशक मारलं की तांदुळजा, चिघळ, कुर्डू हेही जळतात. औषधाच्या डबीवर त्यांना तण म्हटलंय. आपण त्यांना भाजी म्हणत होतो. अशा रीतीनं ती दोन तासांमधली फटही गेली, आणि कुणी ती हिसकावून घेतली नाही, म्हणून कुणी भांडलंही नाही. आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. याला कारणं बरीच आहेत, एकट्या सोयाबीनवर खापर फोडता येणार नाही. पण ताटातली पालेभाजी कमी झाली आणि गोळ्या वाढल्या, हे आपल्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

याच काळात एक उलटी गोष्टही झाली, आणि ती महाराष्ट्रात फार कमी बायांना माहीत आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. लाखो बाया जमल्या. त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' मांडली. म्हणणं साधं होतं : शेतकऱ्याला शेतमालाच्या भावात लुटलं जातं म्हणून तो रडतो, पण त्याच्याच घरात बाईच्या कष्टाचा भाव काय? तर जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावावर करा. ज्या गावातले शंभर पुरुष तसं करतील त्या गावी जोशी स्वतः जायचे. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे त्यातलं पहिल्या गावांपैकी. पुढं १९९२ साली शासनानं परिपत्रकही काढलं, की नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तलाठ्याकडं हा विषय काढून बघा, 'लक्ष्मीमुक्ती' या नावानंच विचारा.

आणि १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात याच्या जोडीला 'सीताशेती' आली. बाईच्या त्या तुकड्यावर बाईनं बाईच्या बुद्धीनं शेती करायची. विकतचं खत-औषध नको, घरचं बी, पालापाचोळा, मिसळीची पिकं. दुसऱ्या एका प्रकाराला 'माजघर शेती' असं नाव दिलं होतं, म्हणजे पिकलेला माल घरातच निवडून, वाळवून, दळून मग विकायचा. सीतेचंच नाव का, तर यवतमाळ जिल्ह्यात रावेरी गावी सीतेचं जुनं देऊळ आहे. तिथं लोक सांगतात की टाकून दिलेली सीता लव-कुशांसाठी गावात पसाभर गहू मागायला गेली. गावानं दिले नाहीत. तिनं शाप दिला, तुमच्या गावात गहू पिकणार नाही. शेतकरी संघटनेनं पुढं ते देऊळ दुरुस्त केलं. मला त्या कथेत शापापेक्षा पसाभर गहू जास्त महत्त्वाचे वाटतात. ज्या बाईचा बाप राजा, नवरा राजा, सासरा राजा, तिच्या नावानं एक वाफा नव्हता.

लक्ष्मीमुक्तीत पुष्कळ बायांच्या नावावर जमीन झाली, हेही खरं. ती किती जणींच्या हातात आली, ही वेगळी गोष्ट. नाव लागलं तरी पेरायचं काय ते पारावरच ठरत राहिलं. मुलींच्या हक्काचंही तसंच. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, देशानं २००५ साली. आणि आपण बहिणी तहसिलात जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या करून साडी घेऊन परत येतो. मीही केलेली आहे. कुणाला नावं ठेवायला मला तोंड नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली, गावंच्या गावं बसली. घरं पुन्हा बांधायच्या कामात बायांचे गट उभे राहिले, त्यांच्या पाठीशी प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था होती. तिथल्या बाया घरांवरून बचतीकडं, बचतीवरून पाण्याकडं, आणि पाण्यावरून शेतीकडं आल्या. मागच्या दशकात पाऊस पुन्हा पुन्हा फसला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलो नाही. त्या वर्षांत या बायांनी 'एक एकर' ही पद्धत चालवली. बाईनं घरच्या शेतातला अर्धा-एक एकर तुकडा घरात बोलून मागून घ्यायचा. त्यात भाजी, डाळी, तृणधान्य अशी बरीच पिकं एकाच वेळी. घरचं बी, गांडूळ खत, कमी पाणी. आधी घरचं ताट, मग उरेल ते बाजारात. ऊस-सोयाबीन वाळलं तेव्हा या तुकड्यात काहीतरी हिरवं राहिलं. २०१७ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. प्रेमाताई २०२२ साली गेल्या.

नीट बघितलं तर हा एक एकर म्हणजे आपली जुनी इरवडच आहे. फक्त आधी ती न मागता होती, आता मागून घ्यावी लागते.

पण ज्या घरात मागायलाच शेत नाही तिनं काय करायचं? मुखेडच्या गटातल्या निम्म्या बाया भूमिहीन आहेत, असं निरोपात लिहिलंय. त्यांच्यासाठी आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. देगलूरहून तेलंगणात उतरून दक्षिणेला गेलं की जहीराबाद लागतं. निजामाच्या काळात तेही आपल्याच संस्थानात होतं. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी १९८३ पासून काम करते, आणि गावोगावच्या दलित बायांचे 'संघम' आहेत. जमीन सुधारणेत गरिबाला मिळालेली जमीन कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. मुरमाड, उतारावरची, दगडाची. ती पडीकच होती. बायांनी ती मिळून दुरुस्त केली. काही ठिकाणी मिळून जमीन ठोक्यानं घेतली. त्यात बाजरी, राळा, तूर, जवस, भाज्या असं वीस-वीस प्रकारचं बी एका शेतात. बी राखायच्या बायांना तिथं मान आहे. आणि १५ ऑक्टोबर २००८ ला याच बायांनी माचनूर गावात स्वतःचा 'संघम रेडिओ' सुरू केला. आज आपण ज्या रेडिओवर बोलतो-ऐकतो, त्याची ती थोरली बहीण म्हणायची.

इंग्लंडचं एक सांगते, थोडक्यात. तिथंही आपल्या गायरानासारखी गावकीची जमीन होती. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मोठ्या जमीनदारांनी ती कुंपणं घालून आत घेतली, आणि मजुरांची भाजी, गाय, सरपण सगळं तुटलं. मग ओरड झाली, आणि मजुरांना भाजीपुरते छोटे तुकडे द्यायची रीत पडली. साधारण अडीचशे चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे. १९०८ च्या कायद्यात असं घातलं की गावातल्या सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर स्थानिक पंचायतीला ती विचारात घ्यावीच लागते, आणि गरज दिसली तर जागा देणं तिचं कर्तव्य. दुसऱ्या महायुद्धात असे सुमारे चौदा लाख तुकडे होते. युद्ध संपलं, दुकानं भरली, तसे ते कमी झाले. पोट अडलं की तुकडा आठवतो, हे तिथंही तसंच. पण सहा जणांचा अर्ज हा मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या गटात दहा-बारा जणी असतात.

आता आमची फजिती. चार वर्षांपूर्वी आम्ही अकरा जणींनी वीस गुंठे ठोक्यानं घेतले. तोंडी. जागेत हराळी, बोरीची झुडपं आणि बाटल्यांच्या काचा. दोन महिने नुसती हराळी खणली. पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या शहाण्यांनी मिळून काय लावलं? टमाटे आणि वांगी. शेजारच्या मळ्यात टमाट्यांना पैसे झाले होते म्हणून. वांग्याचे शेंडे अळीनं खाल्ले. टमाटे मात्र असे आले की कॅरेट पुरेनात. बाजारात नेले तर त्या दिवशी सगळ्या तालुक्याचेच टमाटे आलेले. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात काही नाही, उलट रिक्षावाल्याला गटाच्या पेटीतून दिले. परतीच्या वाटेवर तीन कॅरेट गाईंपुढं ओतले. एक जण रडली, बाकीच्या तिच्यावर ओरडल्या. २०२३ च्या जुलैत टमाटे शंभराच्या वर गेले आणि दोन महिन्यांत मातीमोल झाले, ते पाहून आम्हाला काही नवल वाटलं नाही.

दुसरं भांडण पाण्याचं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला बाईनं विहिरीवर एकटं जायचं कसं? पुरुषाला पाठवलं तर तो म्हणतो, मग शेत माझंच. शेवटी दोघी-दोघींच्या जोड्या केल्या, कंदील, काठी आणि एकीचा कुत्रा.

दुसऱ्या वर्षी डोकं ठिकाणावर आलं. एकदम काहीच लावायचं नाही. दर दहा दिवसांनी दोन वाफे मेथी, कोथमिर, पालक. मधल्या वाफ्यांत गवार, भेंडी, चवळी. कडेनं झेंडू. कुंपणाला दोडका, कारलं, वाल. एक वाफा अंबाडी-चुक्याचा, तो विकायचा नाही, तो आमचा. फवारणीला निंबोळी अर्क : पाच किलो निंबोळ्यांची पावडर रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्याला. मावा दिसला की राख. आणि विकायला बाजार नको, गावातच पाट्या घेऊन फिरलो. पैसे नसतील तिथं ज्वारी घेतली. ते वर्ष चांगलं गेलं. प्रत्येकीच्या घरात आठवड्यातून चार दिवस भाजी आमच्या शेताची होती. नफा वाटला तेव्हा तो फार नव्हता, पण पट्टी आमच्या नावाची होती.

तिसऱ्या वर्षी पाडव्याच्या आधी मालकानं निरोप दिला, यंदा आम्हालाच लावायचंय. जमीन भुसभुशीत झाली होती, हराळी गेली होती, शेणखत पडलं होतं. कुणाचाही जीव होईल. आमच्याकडं कागद नव्हता. कुंपणावर दोडका फुलात आलेला होता, तो तसाच सोडून आलो.

म्हणून मुखेडच्या मैत्रिणींनो, माझं मत विचाराल तर घ्या, पण माझ्यासारखी घेऊ नका. हराळी खणायला जी दोन वर्षं जातात ती तुमच्या अंगाची जातात, तेव्हा तीन वर्षांपेक्षा कमी बोलू नका. मुद्रांकावर लिहून घ्या. कूळ लागायची मालकाची भीती खोटी नाही, तिची चेष्टा करू नका. त्याला बसवून, वकिलाला विचारून, आम्ही कुळाचा हक्क सांगणार नाही असं कागदात कसं लिहायचं ते दोघांनी मिळून बघा. पाणी कुणाचं, लाईटबिल कुणाचं, हेही त्यातच. पहिल्या वर्षी एकच पीक लावायचा मोह आवरा. आणि ज्या जणींच्या घरात शेत आहे त्यांनी ठोक्याच्या जमिनीसोबत घरातही विषय काढा. केरळात कुटुंबश्रीच्या बाया १९९८ पासून गटानं उभ्या आहेत, हजारो गट ठोक्याच्या जमिनीवर शेती करतात, बँक त्यांना गट म्हणून कर्ज देते. त्या आकाशातून पडलेल्या नाहीत.

बी कुठून आणायचं, हेही विचारलंय. पाकिटातलं आणाच, पण सगळं तेच नको. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. वालाचे, घेवड्याचे जुने वाण त्यांनी घरात राखले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तुमच्या गावातही एखादी म्हातारी गाडग्यात बी ठेवून असेल. तिच्याकडं आधी जा. ती गेली की ते गाडगंही जाईल.

आमचं विचाराल, तर आमच्या गटातल्या एकीनं मागच्या दिवाळीत घरात विषय काढला. सहा महिने घर धुमसत होतं. शेवटी तिच्या नवऱ्यानं लक्ष्मीमुक्तीचा अर्ज केला. तलाठ्याकडं तीन खेटे झाले, आता उताऱ्यावर तिचं नाव आहे. घरामागचे आठ गुंठे तिनं गटाला दिलेत, पाच वर्षांसाठी, लिहून. पहिला वाफा अंबाडीचा टाकलाय. वालाचं बी मात्र अजून मिळालेलं नाही. आमचं होतं ते त्या कुंपणावरच राहिलं. कुणाकडं जुना, जांभळ्या शेंगेचा वाल असेल तर रेडिओच्या पत्त्यावर निरोप द्या. मूठभर पुरे, पुढच्या वर्षी दुप्पट परत करू.